वाटेवरचा परका

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा नांवाचें गांव आहे. आज तें नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांत मोडतें. १९९८ सालीं हा जिल्हा निराळा होण्यापूर्वीं तें धुळें जिल्ह्यांत होतें, आणि त्याही आधीं पश्चिम खानदेशांत. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर यांचीं देवळें आणि नदीचा घाट यांमुळें भाविक लोक या स्थळाला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं येथील जुन्या पांढरीचें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक रचलेले आढळले. त्या थरांत माळव्याच्या घडणीचीं मडकीं सांपडलीं आणि गोदावरी-प्रवरेकडच्या जोर्वे घडणीचींही सांपडलीं. म्हणजे या कांठावर परक्या मुलखांतील माणसांचें येणें-जाणें तीन हजार वर्षांहून जुनें आहे. पुढें सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी रस्ता याच टापूंतून, नवापूर-नंदुरबारवरून गेला. १६१५ सालीं सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीर बादशहाकडे निघाला तो याच वाटेनें.

तीर्थाचें आणि बाजाराचें गांव परक्याला बिचकत नाहीं. त्याला तो रोज भेटतो. ‘कोठले?’ आणि ‘कोणाचे?’ हे दोन प्रश्न विचारून झाले कीं वाटसरूची सोय लावण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई या संस्था त्या रीतींतूनच निर्माण झाल्या. परंतु त्या दोन प्रश्नांत एक कांटाही दडलेला होता. ‘कोणाचे?’ याच्या उत्तरावर वाटसरूला ओसरी मिळावयाची कीं अंगण, भांड्यांत पाणी मिळावयाचें कीं वरून ओंजळींत, हें ठरत असे. आपली अतिथिसेवा उदार होती, पण ती माणूस पाहून उदार होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या वाटेवर एक नव्या प्रकारचा परका येऊन उभा राहिला. तो व्यापारी नव्हता, यात्रेकरू नव्हता, शिपाईही नव्हता. तो तरुण होता, ख्रिस्ती होता, हातांत पुस्तक आणि कधीं औषधाची पेटी घेऊन तो चौकांत, घाटावर, बाजारांत अनोळखी माणसाला गांठीत असे आणि त्याच्याशीं थेट त्याच्या आत्म्याविषयीं बोलूं पाहत असे. या भेटींचा महाराष्ट्रांतील इतिहास दोनशें वर्षांहून अधिक काळाचा आहे. तो बहुधा दोन पक्षांनीं लिहिला. एका पक्षानें त्याला पुण्यकर्मांची माळ मानलें, दुसऱ्यानें फसवणुकीची जंत्री. आजच्या भाषणांत मी तो तिसऱ्या बाजूनें, म्हणजे रस्त्यावर ज्या दोन माणसांची गांठ पडली त्यांच्या बाजूनें पाहणार आहें. अनोळखी माणसाचें भलें करावयास निघालेल्या तरुणानें त्या माणसाशीं कसें वागावें, हा प्रश्न अजून शिळा झालेला नाहीं.

या इतिहासाची सुरुवात विद्यार्थ्यांपासून होते. १८०६ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत विल्यम्स कॉलेजाचे पांच विद्यार्थी रानांत प्रार्थनेस जमले असतां वादळांत सांपडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. दूरदेशीं जाऊन धर्मकार्य करावें, असा विचार त्यांनीं त्या आडोशाला केला. या विचाराचें पर्यवसान १८१० सालीं ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेच्या स्थापनेंत झालें. त्याच कॉलेजांतून १८०८ सालीं पदवी घेतलेला गॉर्डन हॉल नांवाचा तरुण, सॅम्युएल नॉट याच्यासह, ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरला. त्या वेळीं हॉलचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें. कंपनी सरकारला असले पाहुणे नको होते. कलकत्त्याहून त्यांना हद्दपारीचा हुकूम झालेलाच होता. मुंबईहूनही त्यांना विलायतेस रवाना करण्याचें ठरलें. अखेर मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्याकडे केलेल्या विनवण्या आणि १८१३ च्या सनदेनें बदललेलें धोरण यांच्या आधारावर त्यांना राहावयास मिळालें.

हॉलनें मराठी शिकून घेतली आणि मुंबईच्या रस्त्यांवर तो रोज बोलूं लागला. देवळापाशीं, बाजारांत, जेथें चार माणसें उभीं दिसतील तेथें तो थांबे. त्याच्या बोलण्याचा हेतू लपलेला नव्हता. आपला धर्म खरा, तुमचा खोटा, असें तो मानीत होता आणि तसेंच सांगत होता. ऐकणारा हंसे, वाद घाली, कधीं निघून जाई. तेरा वर्षांच्या खटपटीनंतरही त्याच्या उपदेशानें धर्म बदललेले लोक मोजण्यास हातांचीं बोटें पुरेशीं होतीं. त्या काळीं या मिशनची खरी कमाई म्हणजे छापखाना आणि शाळा. त्या शाळांची परंपरा पुढें अहमदनगरापर्यंत गेली आणि तेथें सिंथिया फरार या शिक्षिकेची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना १८४८ सालीं पुण्यांत शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हें आपणांस ठाऊकच आहे. बी एके ठिकाणीं पेरावें आणि अंकुर दुसरीकडेच फुटावा, असें इतिहासांत पुष्कळदां घडतें.

पण हॉलचा शेवट त्याच्या सर्व उपदेशापेक्षां अधिक बोलका आहे. १८२६ च्या मार्चांत तो दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन नाशिककडे गेला. तेथें पटकीची सांथ भडकली होती आणि माणसें पटापट मरत होतीं. हॉलनें उपदेश आवरता घेतला आणि जवळचें औषध ज्याला लागेल त्याला वांटावयास सुरुवात केली. पेटी जवळजवळ रिकामी झाल्यावर तो परत फिरला आणि नाशिकच्या दक्षिणेस सिन्नर भागांतील दोडी-दापूर येथें एका देवळाच्या ओसरींत रात्रीं पथारी टाकून निजला. पहांटे त्यालाच पटकीनें गांठलें. स्वतःपुरतें औषध त्यानें फारसें राखलेलें नव्हतें. २० मार्च रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, तो त्या ओसरींत मरण पावला. बायकामुलें आदल्या वर्षींच अमेरिकेस गेलीं होतीं. बरोबरच्या दोन मुलांनीं मोठ्या मिनतवारीनें जागा मिळवून त्याला पेटीवांचूनच मातीआड केलें. ज्या देवांना तो जन्मभर खोटें म्हणाला, त्यांच्यांतल्याच एकाच्या ओसरींत त्याला शेवटचा आसरा मिळाला. त्या ओसरीनें त्याला ‘कोणाचे?’ असें विचारलें नाहीं. आणि नाशकांत औषध देतांना त्यानेंही कोणाला तसें विचारलें नव्हतें. तेरा वर्षें बोलून जें साधलें नव्हतें तें त्या थोड्या दिवसांत, बोलणें थांबल्यावर, दोन्ही बाजूंनीं साधलें होतें.

हॉलनंतर तीस वर्षांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर या भेटीला वेगळेंच वळण लागलें. तोंवर प्रश्न विचारणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा, अशी वांटणी होती. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनीं ती मोडली. हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले, १८२५ सालीं कुलाबा भागांत जन्मलेले. सरकारी नोकरी सोडून, तपश्चर्या करून ते १८५६ सालीं मुंबईस आले. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत किनाऱ्यावर, उघड्या आकाशाखालीं, त्यांचा आणि मिशनऱ्यांचा वाद चालला. वाळूंत शेंकडों माणसें जमत. बुवा बायबलांतील वचनें घेऊन उलट प्रश्न करीत आणि मिशनऱ्यांना उत्तर द्यावें लागे. त्याच मे महिन्यांत मिरतेस बंडाचा वणवा पेटला, हें लक्षांत घेतलें म्हणजे शांतपणें चाललेल्या या किनाऱ्यावरच्या सभांचें मोल अधिकच कळतें.

या वादांत मिशनऱ्यांच्या बाजूनें जॉर्ज बोवेन हे होते आणि वादाचा वृत्तांत इंग्रजींत ग्रंथरूपानें त्यांनींच प्रसिद्ध केला. हा मनुष्य निराळ्या जातीचा होता. तारुण्यांत ते पुरते नास्तिक होते. वाग्दत्त वधू वारली आणि तिच्या आठवणीखातर तिचें बायबल वाचतां वाचतां ते श्रद्धेकडे वळले. १८४८ सालीं ते मुंबईस आले. लवकरच त्यांनीं मिशनचा पगार सोडला, गरिबांच्या वस्तींत लहानशी जागा घेतली आणि १८८८ सालीं मरेपर्यंत, चाळीस वर्षें, ते एकदांही मायदेशीं परतले नाहींत. रोज रस्त्यावर उभें राहून बोलण्याचा त्यांचा नेम होता. त्यांच्याही शब्दांनीं फारसे लोक ख्रिस्ती झाले नाहींत. परंतु मुंबईकरांना त्यांच्याविषयीं आदर वाटे, कारण बोलून झाल्यावर हा गृहस्थ बंगल्यावर जात नसे. ऐकणाऱ्यांच्याच गल्लींत जाई. परका मनुष्य शेजारी झाला म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येतें, हा धडा बोवेन यांनीं घालून दिला.

आतां एका रुळांवरच्या भेटीची गोष्ट. १८९३ सालीं नारायण वामन टिळक हे नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. काव्याविषयीं बोलणें निघालें, मग धर्माविषयीं. उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांना बायबलाचा नवा करार भेट दिला, तो मोकळ्या मनानें वाचण्याची विनंती केली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांना त्या वेळीं त्याचें नांवही ठाऊक झालें नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मराठी भाषेला ख्रिस्ती भक्तिगीतांचा ठेवा मिळाला, त्याचें एक मूळ या डब्यांतील संभाषणांत आहे.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळींत आवडीनें सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण ती येथेंच संपवली तर अर्धीच होते. दुसरा अर्ध ‘स्मृतिचित्रें’ या लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रांत आहे. तें १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. गाडींतला गृहस्थ पुस्तक देऊन उतरून गेला. त्या पुस्तकाची किंमत भरली ती त्या डब्यांत नसलेल्या एका बाईनें. नवरा असून ती परित्यक्तेसारखी झाली, नातलगांच्या आश्रयानें राहिली, लोकांच्या नजरा तिनें सोसल्या आणि पांच वर्षांच्या आसपास नवऱ्यापासून दूर काढलीं. पुढें ती मुलाला घेऊन त्यांच्याजवळ राहावयास आली, तीही आपलें सोंवळें आणि आपली चूल निराळी ठेवून. रस्त्यावरच्या क्षणभराच्या भेटीची झळ कोणकोणाला लागते, याचा हिशेब भेट घेणारा सहसा ठेवीत नाहीं.

लक्ष्मीबाईंचें मन बदललें तें मात्र कोणा प्रवाशाच्या बोलण्यानें नव्हे. राहुरीस असतांना, माणसामाणसांत हा विटाळ कोणी घातला, देवानें कीं माणसानें, याचा त्या एकट्याच विचार करीत बसल्या आणि त्या विचाराच्या शेवटीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास आपण मोकळ्या झालों, असें त्यांनीं ठरविलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. टिळकांनीं त्यांना तोंवर जबरदस्ती केली नाहीं, वाट पाहिली. प्रचारकांच्या इतिहासांत वाट पाहणाऱ्यांचीं नांवें क्वचितच येतात. म्हणून हें येथें मुद्दाम नमूद करतों.

पाण्याचा आणि परक्याचा हा संबंध पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत तर अगदीं मध्यभागीं आहे. रमाबाईंना रस्ता पुस्तकांतून कळला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं हिंडत, घाटावर किंवा देवळांत बसून पुराण सांगत आणि लोक देतील त्यावर निर्वाह करीत. प्रकाशासारख्या शेंकडों घाटांवर असलीं कुटुंबें त्या काळीं दिसत असत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईबाप आणि बहीण गेलीं. मग ही सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ देशभर पायीं हिंडलीं. परका म्हणून दुसऱ्याच्या दाराशीं उभें राहणें काय असतें, हें त्यांना उपाशीपोटीं कळलें होतें.

१८८३ सालीं रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेज येथील भगिनीमंडळानें लंडनजवळच्या फुलहॅम येथें चालविलेला एक आश्रम त्यांनीं पाहिला. ज्या स्त्रियांना समाजानें पतित म्हणून टाकलें त्यांना रस्त्यावरून आणून, धीर देऊन, या भगिनी सांभाळीत होत्या. हें पाहून रमाबाई थक्क झाल्या; अशा स्त्रियांना दया दाखविण्याची कल्पना त्यांनीं मायदेशीं ऐकली नव्हती. या मागची प्रेरणा काय, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. हा प्रसंग रमाबाईंनीं आपल्या आत्मनिवेदनांत स्वतः सांगितला आहे.

ती कथा अशी आहे. भर दुपारीं येशू प्रवासानें थकून एका विहिरीपाशीं बसला आहे. पाण्याला एक बाई येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक जिच्या लोकांशीं व्यवहार ठेवीत नसत अशा समाजांतली. शिवाय तिचें स्वतःचें आयुष्यही लोकापवादाचा विषय झालेलें. येशू तिला म्हणतो, मला पाणी पाजतेस का? बाई चकित होते. उपदेश पुढें येतो. आधीं मागणें येतें. येथें परका मनुष्य देणारा म्हणून येत नाहीं, तहानलेला म्हणून येतो, आणि ज्या हाताचें पाणी निषिद्ध त्याच हाताचें मागतो. आपल्या देशांत, जेथें सारा भेदाभेद पाण्याच्या भांड्यापाशीं येऊन ठेपत असे, तेथें या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच नव्हती. रमाबाईंना तो तत्काळ भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला.

परत आल्यावर त्यांनीं १८८९ सालीं मुंबईत शारदासदन काढलें आणि पुढल्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. येथें या इतिहासांतला कठीण प्रश्न उभा राहिला. विधवांना आसरा आणि शिक्षण देणें हा सदनाचा उद्देश, आणि धर्माच्या बाबतींत ढवळाढवळ होणार नाहीं असा लोकांचा समज. पण कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या. पुण्यांत गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे सल्लागारही १८९३ सालीं दूर झाले. रमाबाईंचें म्हणणें, मी कोणाला बोलावीत नाहीं, पण माझें दार बंदही करीत नाहीं. सल्लागारांचें म्हणणें, जी मुलगी सर्वस्वीं तुमच्या आसऱ्याला आहे तिच्यासाठीं उघडें दार हेंही बोलावणेंच होय. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसें होतीं. ज्याला दुसरीकडे जावयास जागा नाहीं त्याची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्यांनीं आपल्यापुढें ठेवला आहे, आणि अन्न, औषध किंवा छप्पर देणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, तो लागू आहे.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून मुली आणल्या. रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या तोंडाशीं पडलेल्या अशा शेंकडों अनाथ मुली केडगांवच्या मुक्तिसदनांत आल्या. १९०५ सालीं रमाबाईंनीं त्यांना विचारलें, आजूबाजूच्या खेड्यांत टोळ्या करून सेवेला आणि शुभवर्तमान सांगावयाला जाण्यास कोण तयार आहे? सुमारें तीस तरुणी पुढें आल्या. त्याच वर्षींच्या २९ जूनपासून मुक्तिसदनांत जें धार्मिक जागरण झालें त्याची वार्ता जगभर गेली. त्या जागरणाचें धर्मशास्त्र हा आजचा विषय नव्हे. मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. ज्यांना कोणी तरी वाटेवरून उचललें होतें त्याच मुली आतां आपणहून वाटेला लागल्या. त्या काळच्या महाराष्ट्रांत तरुण बाईनें चार मैत्रिणींसह परक्या गांवांत जावें, अनोळखी लोकांपुढें उभें राहून बोलावें, हेंच मुळीं अघटित होतें. त्यांचें बोलणें ऐकणाऱ्यांना पटलें कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न. पण बोलणाऱ्या त्या बोलण्यानें बदलल्या, यांत शंका नाहीं.

विसाव्या शतकांत शहरें वाढलीं आणि परका हा यात्रेपुरता राहिला नाहीं. शेजारच्या खोलींत तोच राहूं लागला. शहरांतील एकटेपणाची ही जाणीव युरोपांत आधीं झाली होती. लंडनमध्यें १८४४ सालीं जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या कापडदुकानांतील नोकरानें ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ काढली, ती खेड्यांतून येऊन शहरांत हरवलेल्या त्याच्यासारख्याच पोरांसाठीं. मुंबईंत तिची शाखा १८७५ सालीं निघाली. पण गिरणगांवाच्या आणि बंदराच्या मुंबईला अधिक खोल उपाय हवा होता. तो शोधण्याचा एक यत्न अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं केला. १९२७ सालीं त्यांनीं नागपाडा येथें ‘नेबरहूड हाऊस’ उघडलें. मुसलमान, ज्यू, हिंदु, ख्रिस्ती असे सर्व प्रकारचे लोक त्या वस्तींत दाटीनें राहत. तेथें वाचनालय होतें, खेळ होते, व्याख्यानें होतीं, वस्तींतल्या रोजच्या अडचणींची विचारपूस होती. येणाऱ्यानें धर्म बदलावा अशी अट किंवा अपेक्षा नव्हती. अनोळखी माणसाला मदत करणें ही नुसत्या कळकळीची बाब नसून तिला अभ्यास लागतो, हें तेथें ध्यानांत आलें, आणि १९३६ सालीं मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालें. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

त्याच १९२७ सालीं, २० मार्च रोजीं, डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. ज्यांना आपल्याच गांवांत परके करून ठेविलें होतें त्यांनीं पाणी मागितलें नाहीं, हक्कानें घेतलें. परक्याला प्रेमानें पाणी पाजणें चांगलें; पण कोणी परका राहणारच नाहीं अशी व्यवस्था करणें त्याहून चांगलें, हें महाडनें सांगितलें. सेवेच्या इतिहासाला न्यायाचा हा जोड दिल्यावांचून तो पुरा होत नाहीं.

ख्रिस्ती तरुणांतही अशी अस्वस्थता वाढत होती. १९२२ सालीं जॅक विन्स्लो यांनीं अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुढें तो पुण्यास आला. खादी, शाकाहार, भजन, जमिनीवर बैठक असा त्याचा आश्रमी थाट होता आणि त्यावर टिळकांच्या भक्तिमार्गाची छाप होती. १९२७ सालीं ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन हा तरुण त्यांत आला. संघांतीलच शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह १९३२ सालीं तो मंडला जिल्ह्यांतील गोंडांच्या गांवीं जाऊन राहिला. गोंडांना ख्रिस्ती करण्याचें काम आपण करणार नाहीं, ही त्याची भूमिका चर्चला मानवली नाहीं आणि अखेर त्यानें चर्चच सोडलें. शिकवावयास गेलेला तरुण शिकत बसला. त्यानें पुढें लिहिलेल्या ग्रंथांनीं आदिवासी जीवनाकडे पाहण्याची देशाची दृष्टि पालटली. हिवाळे यांचें नांव मात्र त्याच्या नांवामागें झांकलें गेलें. दवाखाना, शाळा आणि माणसांचीं गाऱ्हाणीं यांचा रोजचा भार त्यांनींच वाहिला होता.

याच सुमारास बिहारांतही एक धडा मिळाला. पिएर सेरेसोल या स्विस ख्रिस्ती शांतिवाद्यानें पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, फ्रान्समध्यें व्हर्दूननजीक उद्ध्वस्त झालेलें एक गांव पुन्हां उभारण्यासाठीं निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमविले होते. त्यांत कालपर्यंतचे शत्रूही होते. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर तो मोजक्या सोबत्यांसह बिहारांत आला आणि घरें गमावलेल्या खेडुतांबरोबर माती खणूं लागला. त्याच्या कामांत व्याख्यानाला जागा नव्हती. गोऱ्या माणसाच्या हातांत कुदळ पाहणें, हेंच त्या खेडुतांना नवलाचें होतें.

शेवटीं प्रकाशाच्या शेजारच्याच मुलखांतली गोष्ट सांगतों. तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराज नांवाचे एक आदिवासी सत्पुरुष होऊन गेले. १९३८ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या उपदेशानें सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल लोकांनीं मोठ्या संख्येनें दारू सोडली आणि ते आरतीसाठीं हजारोंनीं जमूं लागले. त्यांचा पंथ ‘आप’ या नांवानें ओळखला जातो, कारण त्यांत प्रत्येकानें प्रत्येकाला ‘आप’ म्हणावयाचें असा दंडक होता. सावकार, अंमलदार, पाटील यांच्याकडून जन्मभर अरे-तुरे ऐकलेल्या माणसाला दुसऱ्या माणसानें ‘आप’ म्हणावें, याची किंमत शहरांत बसून पुरती कळावयाची नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या भागांत स्कँडिनेव्हियन मिशनरीही काम करीत होते, आणि त्यांच्या शाळा-दवाखान्यांचें ऋण हा मुलूख मानतो. परंतु आदिवासी माणसाला आदरार्थी सर्वनाम बहाल करणारी ही चळवळ त्याच्याच मातींतून उगवली, कोणा पाहुण्यानें आणलेली नव्हे. चांगला पाहुणा ही गोष्ट आनंदानें कबूल करील.

श्रोतेहो, आजही सुटीच्या दिवसांत तरुणतरुणींचे जथे सेवेसाठीं निघतात. कोणी चर्चच्या वतीनें जातात, कोणी कॉलेजाच्या, कोणी आणखी कशाच्या. रेल्वेस्थानकांवर, पुलांखालीं, बाजारांत ते अनोळखी माणसांना भेटतात. हा सारा इतिहास त्यांना तीन प्रश्न सुचवितो. समोरच्या माणसाजवळ असें काय आहे जें मी त्याच्याकडून मागून घेईन? माझी मदत नाकारून, किंवा मदत घेऊन माझें म्हणणें नाकारून, तो निर्धास्त निघून जाऊं शकतो काय? आणि मी गाडींतून उतरून गेल्यावर या भेटीची किंमत मागें राहिलेलें कोण भरणार आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्यानें खुशाल वाटेला लागावें. ज्याच्यापाशीं नाहींत त्यानेंही लागावें; मात्र पहिल्या विहिरीपाशीं थांबून, भेटेल त्या माणसाकडे आधीं पाणी मागावें.